मुक्त अर्थलेखनावर पूर्णवेळ घर चालेल का?

नौपाडाकर यांचा प्रश्न

वागळे इस्टेटजवळच्या एका कर सल्लागारांच्या कार्यालयात मी अकरा वर्षे नोकरी करीत आहे आणि गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी लघुउद्योग व घरगुती अर्थकारण या विषयांवर मराठीत लेख लिहीत आहे. विवरणपत्र भरण्यासाठी येणारे फॅब्रिकेशनवाले आणि पोळीभाजी केंद्र चालविणाऱ्या भगिनी ज्या शंका विचारत, त्यांची उत्तरे लिहिता लिहिता हे काम वाढले आणि गेल्या वर्षी माझे २६ लेख प्रसिद्ध झाले. आता नोकरी सोडून पूर्णवेळ लिहावे, असे वाटते. मात्र एका ठिकाणी चार लेखांचे मानधन पाच महिने थकले असून, विचारणा केली की 'बिल लेखा विभागाकडे गेले आहे' एवढेच उत्तर मिळते. उधारी कशी वसूल करावी, यावर मी स्वतः दोन लेख लिहिले आहेत, हे सांगताना संकोच वाटतो. शिवाय एका म्युच्युअल फंड वितरकाने दरमहा ठरावीक रकमेवर त्याच्या नावाने लेख लिहून देण्याचे काम देऊ केले आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सानपाड्याहून

मी बारा वर्षे हेच काम करीत आहे, म्हणून आधी विषयाबद्दल लिहितो. 'बचतीचे सोपे मार्ग' हा लेख कोणीही लिहू शकतो आणि म्हणून त्याला भावही मिळत नाही. तुमच्याकडे अकरा वर्षांचे टेबलाच्या पलीकडचे ज्ञान आहे. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या छोट्या कारखानदाराचे बिल तीन-तीन महिने अडकते, कामगारांचा पगार मात्र सात तारखेला द्यावा लागतो आणि मधली दरी तो कॅश क्रेडिटने, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाने, कशी भरून काढतो, हे तुम्ही आकड्यांसह लिहू शकता. मी स्वतः विषय शोधण्यासाठी तुर्भ्याच्या बाजार समितीत जातो. तेथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत आणि एका सकाळीत आडत्याची उधारी, टेम्पोवाल्याचा कर्जाचा हप्ता आणि माथाडी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी असे तीन निरनिराळे लेख हाती लागतात. (पहाटे पाचला जावे; दहानंतर कोणाला बोलायला सवड असते, हा गैरसमज आहे, तेव्हा सगळे हिशेबात असतात.) नोकरी मात्र एकदम सोडू नये. माझ्या पहिल्या दोन वर्षांत सलग तीन महिने सारखी रक्कम कधीच आली नाही आणि गणपतीच्या महिन्यात तर काहीच आले नव्हते.

घोडबंदरवासी

थकलेल्या मानधनाबद्दल लिहितो, कारण माझी सर्वांत जास्त हानी तेथेच झाली. मुक्त लेखन ही सेवा असल्याने लघुउद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी करता येते आणि ती विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही आणि करार नसल्यास ती १५ दिवसांची असते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. नोंदणी काम स्वीकारण्याआधीच करून ठेवावी, कारण मागाहून केलेल्या नोंदणीचा जुन्या बिलांना लाभ मिळतो की नाही, यावर वाद होतात. खरे सांगायचे तर मी व्याजाची मागणी एकदाच केली; पैसे आले, पण त्या संपादकांकडून पुन्हा कधी काम आले नाही. त्यामुळे कायदा गाठीला असू द्यावा आणि स्मरणपत्र मात्र दर पंधरा दिवसांनी, बिल क्रमांक व तारीख घालून, नम्र भाषेत पाठवावे.

दुसरी गोष्ट स्वामित्वहक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही कोणाच्या नोकरीत नसता लिहिलेल्या लेखाचे प्रथम मालक तुम्हीच असता आणि हक्क दुसऱ्याकडे जाण्यासाठी लेखी, सही केलेला करार लागतो. अशा करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. तेव्हा 'सर्व हक्क कायमचे' असे वाक्य दिसले की सही करण्यापूर्वी मानधनाविषयी पुन्हा बोलावे. करांचे तुम्हाला मी काय सांगणार! फक्त ठरावीक व्यवसायांसाठीच्या तरतुदीखाली (१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४ एडीए) निम्म्या जमेवर कर भरून मोकळे होता येईल, असे गृहीत धरू नये. चित्रपटाचा कथालेखक त्या व्यवसायांच्या यादीत येतो, वृत्तपत्रात लिहिणाऱ्याचा मात्र तेथे उल्लेख नाही. आपल्याच साहेबांचे मत आधी घ्यावे.

ऐरोलीची माजी उपसंपादक

वितरकाचे काम घेतले, तर ते तुमच्या संपादकांना लेखी कळवावे आणि स्वतःच्या नावाने म्युच्युअल फंडावर लिहिणे थांबवावे. लेख लिहिणाऱ्याला पैसे कोठून मिळतात हे वाचकाला ठाऊक नसते आणि ते उघड झाले की तुमचे जुने लेखही संशयाने वाचले जातात. मी हे एका चांगल्या लेखकाच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. अमुक शेअर घ्या, असे कोणाच्याही वतीने लिहून देऊ नये. अशा शिफारशींसाठी सेबीची २०१४ ची संशोधन विश्लेषक नियमावली आहे. आणखी एक, ज्याचा वरच्या दोघांनी उल्लेख केला नाही: कार्यालयातील अशिलांचे आकडे तुमचे नाहीत. नाव बदलले तरी वागळे इस्टेटमध्ये गल्ली क्रमांक आणि यंत्राचा प्रकार सांगितला की माणूस ओळखला जातो. त्यांची परवानगी घ्यावी, नाहीतर सानपाड्याच्या गृहस्थांप्रमाणे बाहेर जाऊन स्वतःची माणसे शोधावीत.

नौपाडाकर

आपणा सर्वांची आभारी आहे. उद्यम नोंदणी काल रात्री केली आणि थकलेल्या बिलांचे स्मरणपत्र क्रमांकांसह पाठविले. नोकरी सोडण्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस काम करण्याची विनंती साहेबांकडे केली असून, मार्चनंतर पाहू, असे ते म्हणाले आहेत. अशिलांविषयीची सूचना वाचल्यावर अर्धा लिहून झालेला एक लेख बाजूला ठेवला आहे. वितरकाला नकार कळविला होता. आज दुपारी त्याने रक्कम वाढविली आणि ती माझ्या सध्याच्या दरमहा लेखन-उत्पन्नाहून जास्त आहे. अद्याप उत्तर दिलेले नाही.