जुने सिस्टीम कॉल काढा म्हणे!

डिचोलीकर
काल 'साकव' यांनी इथं लिनक्सच्या कर्नलबद्दल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याबद्दल, लिहिलं: "प्रोसेसरचे काउंटर वाचायचा पर्फ-इव्हेंट-ओपन हा सिस्टीम कॉल म्हणजे अडगळीची खोली. तो मोडा, पाच-सहा सुटसुटीत कॉल द्या. जुनं ज्याला चालवायचंय त्यानं जुना कर्नल ठेवावा." जेवताना वाचलं, शीत-कडी ताटात थंड झाली. (नवख्यांसाठी: सिस्टीम कॉल म्हणजे प्रोग्रामनं कर्नलकडं काम मागायचा नंबर दिलेला दरवाजा. काउंटर म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या घटना, म्हणजे इव्हेंट, मोजणारी सोय.)

साकवबाब, पाच-सहा सुटसुटीत कॉल ही तुमची कल्पना लोकांनी करून पाहिलीय. काउंटर वाचायचाच पर्फमॉन-टू नावाचा प्रकल्प डझनभर कॉल घेऊन वर्षानुवर्षं मुख्य कर्नलच्या दारात उभा होता. उंबरठा काही ओलांडता आला नाही. डिसेंबर २००८ मध्ये इंगो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर या कर्नल लिहिणाऱ्यांनी एकाच कॉलची वाट मांडली आणि २००९ मध्ये कर्नलच्या २.६.३१ आवृत्तीतून ती आत गेलीसुद्धा. एक्स-८६-६४ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर, नंबर २९८. त्यानंतर प्रोसेसरच्या किती पिढ्या झाल्या, नंबर आजही २९८ च. कारण त्या कॉलला दिलेल्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यात, त्या गठ्ठ्याचा आकार लिहिलेला असतो. पहिला आकार ६४ बाइट, पुढं शेपटीला फील्ड जोडत गेले. जुना प्रोग्राम ६४ च देतो, उरलेलं कर्नल शून्य धरतं. नवा प्रोग्राम जुन्या कर्नलवर नवं काही मागायला गेला तर ई-टू-बिग, म्हणजे 'आकार फार मोठा' हा एरर, घेऊन परत येतो. यात अडगळ कुठं दिसली तुम्हाला?

नवा प्रोसेसर आला की खरं काम कर्नलमधल्या तक्त्यांत असतं. मॉडेल नंबर जोडा, कुठला इव्हेंट कुठल्या काउंटरवरच मोजता येतो ते लिहा. ते राहून गेलं तरी इंटेलवर मोजके सामान्य इव्हेंट चालतातच. इव्हेंटची लांबलचक नावं तर पर्फ या मोजणीच्या टूलबरोबरच्या जेसन फायलींत असतात. सिस्टीम कॉलला हात लावायची वेळ क्वचित येते.

आणि "जुना कर्नल ठेवावा" हे कोणाला सांगताय? वेर्ण्याला एका औषध कारखान्यात गोळ्या मोजणारं यंत्र आहे, त्यावरचा प्रोग्राम २००८ चा, ३२ बिटचा. करणारी कंपनी बुडाली, सोर्स कोणाकडेच नाही. मी गेल्या वर्षी खालचं मशीन आणि कर्नल दोन्ही बदललं. प्रोग्रामला पत्ताही लागला नाही. लोकांनी जुने नंबर जपले म्हणून त्या दिवशी मी सहाची कदंबा बस पकडली.

साकव
लेख झाला हा. पण २०१३ सोयीनं गाळलात. त्याच लाडक्या कॉलमध्ये ६४ बिटांचा इव्हेंट नंबर साध्या इंटमध्ये, म्हणजे ऋणही होऊ शकणाऱ्या छोट्या आकड्यात, घेतला होता. वरची मर्यादा तपासली, ऋण आकडा आला तर काय ते कोणी पाहिलंच नाही. परिणाम: साधा यूजर थेट रूट, म्हणजे सगळ्या मशीनचा मालक. २.६.३७ पासून ३.८ पर्यंत भोक उघडं. एक कॉल सगळ्या जगाचं काम करायला लागला की असंच होणार. त्यानंतर कुलुपांवर कुलुपं. कर्नल ४.६ पासून पॅरानॉइड या सेटिंगचा आकडा मुळातच २, म्हणजे साध्या यूजरला कर्नलच्या आतलं बघायला बंदी. मग २०२० मध्ये ५.८ ला कॅप-पर्फमॉन नावाची वेगळी परवानगी काढावी लागली.

आणि जुनं काढता येत नाही ही पण थापच. ओप्रोफाइल या मोजणीच्या जुन्या साधनाचा कर्नलमधला कोड २०२१ मध्ये ५.१२ ला उचलून बाहेर टाकला. रडलं कोणी?

तुमचं कर्नल म्हणजे आमचं माशेलचं घर झालंय. पणजोबांनी ठेवलेला खांब कुजला तरी काढायचा नाही, कारण कागदावर एकतीस वारस.

वेर्णा नाइट शिफ्ट
दोघंही हवेत बोलताय. मला एवढंच सांगा, पर्फकडं सात-आठ इव्हेंट एकदम मागितले की आकड्यापुढं टक्के का येतात? महिनाभर मी ते खरे मोजलेले आकडे समजून साहेबाला रिपोर्ट देत होतो.

डिचोलीकर
हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असलेल्या इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर प्रत्येक थ्रेडला सर्वसाधारण काउंटर चारच, शिवाय तीन ठरावीक कामाचे. त्यातला एखादा एनएमआय वॉचडॉगनं, म्हणजे मशीन अडकलं का बघणाऱ्या पहारेकऱ्यानं, धरून ठेवलेला असतो. उरलेल्यांत कर्नल आळीपाळीनं मोजतं आणि पूर्ण वेळेच्या हिशेबानं आकडा फुगवून देतं. टक्के म्हणजे तो इव्हेंट प्रत्यक्षात किती वेळ मोजला गेला. पर्फ स्वतःच काही वेळा वॉचडॉग बंद करायचा सल्ला छापतं, खालच्या ओळीत. ती ओळ वाचायची असते.

वेर्णा नाइट शिफ्ट
वाचली असती तर इथं विचारलं असतं का? धन्यवाद म्हणायला आलो होतो, आता नाही म्हणत.

एक-चौदा
कर्नल राहू दे बाजूला. साकवबाब, एकतीस वारस म्हणालात, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचा कोर्टातला अर्ज, घातली का? आमच्याकडे उताऱ्यावर अजून आजोबांच्या भावाचं नाव, तो लिस्बनला गेला तो गेलाच. छप्पर गळतंय, कर्ज काढायला सगळ्यांच्या सह्या हव्यात. सगळ्यांच्या म्हणजे त्यांच्या नवऱ्यांच्या आणि बायकांच्यासुद्धा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता! खुद्द पोर्तुगालनं १९६६ मध्ये नवी आणली आणि आपण गोव्यात मुक्तीनंतरही जुनीच चालवत बसलो. हीच तुमची ती बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी.

मोगरी
थांबा जरा. त्याच संहितेमुळं माझ्या आईला वडिलांच्या मागं अर्धं घर मिळालं, कोर्टकचेरी न करता. मुलगी म्हणून मला भावाएवढा वाटा मिळाला. देशाच्या कायद्यात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क यायला २००५ उजाडलं. तुमचं छप्पर गळतंय ते कायद्यामुळं नाही, चुलते एका टेबलाशी बसत नाहीत म्हणून.

एक-चौदा
चुलत्यांना मधे आणू नका. पोर्तुगीज साहेब जाऊन साठ वर्षं झाली, लोकांची त्यांची आरती काही संपत नाही.

मोगरी
आरती तुम्ही करा, गणपतीच्या माटोळीखाली उभं राहून, त्याच सामायिक घरात. मी फक्त वाटा सांगितला.

साकव
एक-चौदा, संहिता जशीच्या तशी नाही राहिली. वारसा आणि इन्व्हेंटरीचा भाग २०१२ च्या गोव्याच्या कायद्यानं नव्यानं लिहिला. घरातल्या वादात वकिलाला इतके पैसे मोजलेत की कलमं पाठ झालीत. आणि बघा, जुनं बदलून नवं लिहिता येतं, आभाळ कोसळलं नाही.

मोगरी
लिहिलं, पण कोणाचा वाटा काढून घेतला का? मुद्दा तोच आहे ना. आता कर्नलवरच बोलते, नाहीतर म्हणाल बाई विषय भरकटवते.

२०२१ मध्ये ग्लिबसी २.३४ (लिनक्सवरची सी लायब्ररी) थ्रेड बनवताना आधी क्लोन-थ्री हा नवा कॉल वापरून बघायला लागलं. "असा कॉलच नाही" असं उत्तर आलं तर ते निमूट जुन्या क्लोनवर जातं. आमच्या ऑफिसातल्या कंटेनरचा सेकॉम्प, म्हणजे कॉल गाळणारी चाळणी, जुना, त्याला क्लोन-थ्रीचा ४३५ नंबर ठाऊकच नव्हता. म्हणून त्यानं उत्तर दिलं, "परवानगी नाही". झालं, जुन्याकडं जायची वाटच बंद. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी एकही थ्रेड सुरू होईना. घरी नेवऱ्या तळायच्या सोडून मी कॉलची नोंद ठेवणारा स्ट्रेस वाचत बसले. बारा वाजता कळलं की चूक एका एरर नंबरची आहे. साकवबाब, नवीन सुटसुटीत कॉल दिला की काम संपत नाही. जुना शिल्लक होता म्हणून तर परत फिरायला वाट होती, ती तिसऱ्यानंच अडवली. तुमच्या योजनेत ती वाटच नसणार.

साकव
स्ट्रेस की एस-ट्रेस?

मोगरी
त्या रात्री दोन्ही.

डिचोलीकर
मोगरीबाय बोलल्या तेच मला तीन परिच्छेदांत जमलं नाही. ओप्रोफाइलबद्दल साकव बरोबर आहेत, हे मान्य करताना दात दुखताहेत. पण ते कधी काढलं बघा. ओप्रोफाइलची यूजरकडची साधनं आधीच पर्फच्या कॉलवर आलेली होती. त्यांच्याखालची फळी काढली तेव्हा वर कोणी उभंच नव्हतं. २९८ वर आज अख्खं गाव उभं आहे.

२०१३ चं भोकही मान्य. पण दुरुस्ती काय होती? इंटच्या जागी यू-६४, म्हणजे ऋण न होणारा ६४ बिटांचा आकडा, एका ओळीची. नंबर तोच राहिला. तुमच्या पाच-सहा कॉलमध्ये इंट लिहिणारा माणूस दुसरा कोणी असणार होता का?

साकव
माणूस तोच असता, भोकं पाच ठिकाणी वाटली गेली असती. बरं, मोडा म्हणालो ते मागं घेतो. रागात लिहिलं होतं, नव्या लॅपटॉपवर दोन जातींचे कोअर, दोघांचे काउंटर वेगळे, आणि सायकल्स या एका साध्या इव्हेंटच्या दोन ओळी बघून डोकं फिरलं. पण ते स्ट्रक्चर बिटांनी भरलेलं गाठोडं आहे या मतावरून मी हलणार नाही.

डिचोलीकर
गाठोडं आहेच. नाही कोण म्हणालं?

साकव
तुम्ही. पहिल्याच पोस्टमध्ये. "अडगळ कुठं दिसली."

वेर्णा नाइट शिफ्ट
वॉचडॉग बंद केला. टक्के गेले नाहीत, नुसते वाढले.

डिचोलीकर
इव्हेंट कमी माग रे बाबा.

एक-चौदा
मोगरीबाय, रागानं बोललो, सोडून द्या. पण लिस्बनच्या माणसाला इन्व्हेंटरीची नोटीस पोचवायची कशी, हे तुमच्या आईच्या वेळी कोणी केलं होतं का? वकिलाचं नाव इथं नको, खाजगीत पाठवा.