वडिलांच्या मुरड्यासाठी बेलफळ कच्चं द्यायचं की पिकलेलं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही चोपडा तालुक्यातले. वडिलांचं वय ६८, शुगर आहे. लग्नसराईत त्यांचं पोट जे बिघडलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. सकाळी उठल्या उठल्या मुरडा येतो, दोन-तीनदा जावं लागतं, चिकट आव पडते आणि मग दिवसभर पोट गच्च. रक्त नाही, ताप नाही, वजनही उतरलेलं नाही. जळगावला दाखवलं, शौचाची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले मेटफॉर्मिननेही काहींना पातळ होतं म्हणून ती गोळी बदलून दिली, त्याने थोडा फरक पडला पण मुरडा काही जात नाही.

आता आई म्हणते बेलफळ द्या. बांधावर बेल आहे, फळं पिवळी होऊन पडतायत, फोडलं की घरभर वास सुटतो, बियांभोवतीचा तो चिकट डिंक काढून ती गर पाण्यात कोळते आणि सरबत करते. पण मला माहिती आहे त्याप्रमाणे आव-जुलाबावर कच्चं नाहीतर अर्धकच्चं फळ देतात, ते तुरट असतं, त्याने बांधून होतं, आणि पिकलेलं उलट पोट साफ करतं. मग सरबताने त्रास वाढायचा ना? बेलाचा मुरंबा तर साखरेमुळे नकोच. त्रिफळाही मी बंद केलंय, त्यातल्या हिरड्याने पोट मोकळं होतं, ते आत्ता कशाला.

दुसरीकडे आत्या धडगावहून मुरडशेंगा घेऊन आलीय, सातपुड्यातल्या, दोरीसारखा पीळ असलेल्या. "पोटमा मुरडी ऱ्हायनं ना, मंग शेंग उगायी दे त्याले" हे तिचं रोज चालू आहे. बाळगुटीत सहाणेवर एक-दोन वळसे देतात ते आमच्याकडे सगळ्यांना माहितीय, पण मोठ्या माणसाला किती उगाळायची? पाण्यात की ताकात? आणि शुगरच्या गोळीसोबत चालते का, कारण मुरडशेंगेने साखर उतरते असंही वाचलंय, अण्णांची साखर एकदम खाली गेली तर काय ही मोठी काळजी आहे.

कच्च्या बेलाच्या वाळवलेल्या चकत्या कुणी घरी दिल्या असतील तर काढा कसा केला, जेवणाआधी की नंतर, सविस्तर सांगा. जळगाव-धुळ्याकडे शुगरच्या पेशंटला नीट तपासून औषध देणारे वैद्य माहीत असतील तर तेही कळवा, त्यांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करणार नाहीये.