मदत हवी आहे: विडमार्क सूत्रात (प्यायलेल्या दारूवरून रक्तातल्या अल्कोहोलचा अंदाज काढायचं सूत्र) तास कुठून मोजायचे?

कॉलेजातल्या रस्ता सुरक्षा सत्रासाठी तक्ता करतोय. 70 किलोचा पुरुष, 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचे 60 मिलीचे दोन लार्ज पेग, म्हणजे साधारण 40 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. विडमार्क सूत्रात पुरुषांचा गुणांक (वजनाच्या किती भागात अल्कोहोल पसरतं ते) 0.68 धरला की 100 मिली रक्तात 85 मिग्रॅ येतात. ताशी 15 मिग्रॅ उतरतात असं धरलं, तरी आपल्या 30 च्या कायदेशीर मर्यादेखाली यायला पावणेचार तास! मुलांना हे कळायलाच हवं. स्त्रियांसाठी 0.55 चा वेगळा रकाना केलाय. कॉफी, लिंबूपाण्याने वेग वाढत नाही, हे माहीत आहे. तक्ता गाडी चालवायची परवानगी वाटू नये, म्हणून अंदाज सावधच हवा. अडलंय ते इथे: जेवता जेवता दोन तास पीत बसलं, तर तास पहिल्या घोटापासून मोजायचे की शेवटच्या? आणि ताशी 15 ऐवजी 10 धरावेत का?