मदत हवी आहे : रेणूतला रासायनिक बंध तुटला की ऊर्जा मिळते की लागते?

वैतागलेली_आई
उद्या सकाळी पेपर आहे, लवकर सांगा. बंध तुटला की ऊर्जा मिळते की लागते? क्लासमधले दोघं दोन उत्तरं देतात आणि लेक चिडते माझ्यावर. एका शब्दात हवंय.

खडूफळा
लागते.

रानवाट
कुठला बंध? इयत्ता कोणती? ते दोघं शिकवतात काय?

कोकणी_काका
खडूफळा, चूक. आमच्याकडे घराला चुना काढायचा म्हणजे पिंपात कळीचा चुना टाकून पाणी ओतायचे. खाली ना चूल ना लाकूड, तरी रटरटा उकळायचं. ऊर्जा बाहेरच पडते. डोळ्यांनी पाहिलंय.

खडूफळा
पडते ना काका, पण नवे बंध जुळताना. तोडायला खर्च, जोडताना मिळकत. हायड्रोजन जाळा : मोलमागे एच-एच तोडायला 436 किलोज्यूल, अर्धा मोल ऑक्सिजन तोडायला 249. झाले 685. पाण्यातले दोन ओ-एच जुळताना साधारण 926 मिळतात. उरले 241, त्याचीच आच.

कोकणी_काका
एवढी मिळकत आहे तर गॅसला काडी कशाला लागते?

खडूफळा
आधी थोडं भांडवल घालावं लागतं म्हणून. सक्रियण ऊर्जा. पुढचं आच आपली आपण भागवते.

डबा_पोळीचा
नीटची तयारी असेल तर क्लास आत्ताच बदला. आणि पेपरआधी ग्लुकोजचं पाणी द्या.

वैतागलेली_आई
अकरावी हो! क्लास बदलायचा नाहीये. केमिस्ट्रीचे सर म्हणतात लागते, बायोच्या मॅडम म्हणतात एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) शेवटचा फॉस्फेट तुटला की मिळते.

रानवाट
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना ताई! सर बरोबर. मॅडमचं वाक्य अर्धं आहे. एटीपी नुसता तुटत नाही, त्याची पाण्याशी क्रिया होते. फॉस्फेट तोडायला तिथेही ऊर्जा लागतेच. पण तीन फॉस्फेट शेजारी शेजारी, सगळ्यांवर ऋण भार, एकमेकांना ढकलत बसलेले. एक सुटला की ताण कमी होतो, सुटलेला फॉस्फेट जास्त स्थिर होतो, पाणी दोघांनाही धरून ठेवतं. सगळा हिशेब करून मोलमागे 30.5 किलोज्यूल हाती येतात. जीवरसायनशास्त्रज्ञ लिपमन यांनी 1941 साली अशा बंधासाठी नागमोडी रेघ वापरली, तेव्हापासून लोकांना वाटतं ऊर्जा त्या रेघेतच कोंडलीय.

जुना_बीएस्सी
एका ग्लुकोजपासून 38 एटीपी मिळतात, हेही पाठ करून घ्या.

खडूफळा
38 जुनं झालं. ग्लुकोज मोडताना बनणाऱ्या एनएडीएच या वाहक रेणूमागे 3 एटीपी नाही, अडीच धरतात आता. 30 ते 32.

जुना_बीएस्सी
आम्ही 38 लिहून पास झालो. अर्धा एटीपी कुणी पाहिलाय?

खडूफळा
सरासरी आहे ती. घरटी अडीच माणसं म्हणतो, तेव्हा अर्धा माणूस पाहतो का आपण?

वैतागलेली_आई
38 कुणी विचारलं होतं? रानवाट, पाण्याचं तिला पटलं, थँक्यू. आता म्हणतेय पेशीत 30.5 पेक्षा जास्त मिळते असं वाचलंय. खरं का? साडेअकरा वाजलेत.

रानवाट
खरंय, 50च्या आसपास. 30.5 हा प्रमाण स्थितीतला, म्हणजे सगळ्यांची मात्रा ठरावीक धरून काढलेला आकडा. पेशीत एटीपी भरपूर आणि फॉस्फेट सुटून उरणारा एडीपी कमी, म्हणून जास्त. पेपरात मात्र 30.5च लिही म्हणावं, आणि झोप.

कोकणी_काका
चुन्याचा आकडा किती ते कुणीच सांगितलं नाही.