सात जणांनी मिळून सोडवलेलं कोडं नक्की कोणी सोडवलं?

एकांडा_उंट

परवा इथे एकाने लिहिलं होतं, "आम्ही सात मित्र रोज रात्री साडेनऊला कॉलवर जमतो आणि लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरची वीस कोडी एकत्र सोडवतो. चार महिन्यांत कोड्यांचं रेटिंग तीनशेने वर गेलं. एकट्याने डोकं खाजवत बसायचे दिवस गेले." खाली अंगठ्यांचा पाऊस.

अहो, एका खात्यावर सात डोकी बसवली तर रेटिंग वाढेल नाहीतर काय होईल? खात्याचं वाढलं, तुमचं नाही.

मीही या भजनी मंडळात दीड महिना होतो. एक कोडं अजून आठवतं. पांढऱ्याचा वजीर सी४, घोडा जी५. काळ्याचा राजा एच८ला कोंडलेला, हत्ती डी८, पुढे जी७-एच७ची प्यादी. तेव्हा मला तो नमुना माहीत नव्हता. घोडा एफ७ शह, राजा जी८, घोडा एच६ दुहेरी शह, राजा परत कोपऱ्यात... इथवर मी आलो होतो. पुढे काय, म्हणून घाम फुटला होता आणि तो घाम मला हवा होता. तेवढ्यात एकजण ओरडला, "वजीर जी८! हत्तीने खाल्ला की घोडा एफ७, मात!" बाकीचे वा वा करून मोकळे. आयुष्यात पहिल्यांदा वजीर फुकट देऊन मात शोधायची वेळ माझ्यावर एकदाच येणार होती. ती गेली.

१२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेनने ५५वी चाल हत्ती एफ२ खेळली, तेव्हा गुकेशला कोणी सांगितलं का, "काळ्याची चाल, काळा जिंकतो"? हत्तींची मारामारी, मग उंट डी५, उंटही गेले आणि उरला प्याद्यांचा जिंकलेला शेवट. इथे कोडं आहे हेच आधी त्याला एकट्याला दिसावं लागलं.

कट्ट्यावरचा_घोडा

ओरडणारा बहुधा मीच. तू चार मिनिटं चकार शब्द काढला नाहीस, आम्हाला वाटलं तुझं नेट गेलं.

आता मुद्द्याचं. गुकेश पटावर एकटा होता, कबूल. तयारीला एकटा होता का? त्याचा प्रशिक्षक गायेवस्की आणि बाकीची टीम काय चहा द्यायला ठेवली होती? आपल्याकडचंच घे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात भाग्यश्रीताई साठे (आताच्या ठिपसे) तयार झाल्या. मंडळ म्हटलं की एका पटाभोवती चार डोकी आलीच. डाव संपला की दोघं तोच पट पुन्हा मांडून "इथे हे का नाही खेळलास" करतात, ते काय असतं?

एकट्याने सोडवताना माणूस स्वतःशी लबाडी करतो. "शह आहे, मग काहीतरी होईलच" म्हणतो आणि खेळून टाकतो. चौघांत बसलं की समोरचा विचारतो, "आणि मी एफ८ला गेलो तर?" दुहेरी शहानंतर राजा एफ८ला गेला तर वजीर एफ७ मात, हे तू बघितलं होतंस का? खरं सांग.

एकांडा_उंट

नव्हतं बघितलं. कारण तू बघू दिलं नाहीस.

पालक_क्रमांक_एक

मधे बोलते, माफ करा. "एकत्र सोडवणे" हा क्लासवाल्यांचा धंदा आहे. माझ्या मुलाच्या क्लासात बावीस मुलं आणि भिंतीवर एक पोझिशन. सर म्हणतात "डिस्कस करा" आणि स्वतः मोबाइलमध्ये. दोन हुशार मुलं उत्तर सांगतात, वीस जण वहीत उतरवतात. महिन्याचे अडीच हजार. मी विचारलं तर म्हणे ही आधुनिक पद्धत आहे. त्यातून मुलगा दोन वर्षं 'के' म्हणजे घोडा समजून चाली लिहीत होता. कागदावर त्याचा राजा तिसऱ्या चालीला एफ३वर!

रूक_नाही_हत्ती

याला इंग्रजी कारणीभूत आहे. घोड्याला घोडा म्हणा, 'घ' लिहा, प्रश्न मिटला. आणि मिळून सोडवताना तर हे जास्त नडतं. अर्धे "नाइट", अर्धे "घोडा", एकजण उंटाला "बिशप" म्हणतो तेव्हा दुसरा हत्ती बघत असतो. माझ्या मुलीने तालुक्याच्या स्पर्धेत 'घ एफ३' लिहिलं तर पंचांनी सगळ्यांसमोर झापलं, की मराठी चालत नाही. रडत घरी आली.

आठवी_पट्टी

पंचांचं काय चुकलं? उद्या समोर तामिळनाडूचा खेळाडू आला तर त्याने तुमचा 'घ' वाचायचा कसा? वाद झाला की दोघांचे कागद पुढे येतात.

रूक_नाही_हत्ती

नियम वाचा मग बोला. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांच्या परिशिष्टातच आहे की खेळाडू आपल्या देशात रूढ असलेल्या नावाचं पहिलं अक्षर वापरू शकतो. उदाहरण म्हणून तिथे फ्रेंचांचा 'एफ' दिलाय, उंटासाठी. त्यांच्याकडे तो 'फू', म्हणजे वेडा. फ्रेंचांचा वेडा चालतो, आमचा उंट चालत नाही?

कोलकात्याहून_मराठी

'आमचा उंट' जरा जपून. इथे बंगालीत तुमच्या उंटाला गज म्हणतात आणि तुमच्या हत्तीला नौका. पहिल्यांदा क्लबात गेलो तेव्हा चौघं मिळून कोडं सोडवत होते. एकजण म्हणाला गज मार, मी हत्ती मारला. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की विचारू नका. जुन्या चतुरंगात कोपऱ्यात रथ होता म्हणतात, तेव्हा मूळ शब्दाचा अभिमान कोणी बाळगायचा ते ठरवा आधी.

रूक_नाही_हत्ती

बंगालात नौका असेल नाहीतर मासळी, महाराष्ट्रात हत्तीच. मुलगी रडली तेव्हा तुमचा रथ आला नव्हता.

आठवी_पट्टी

परिशिष्टाचं मान्य. पंचांनी झापायला नको होतं. पण इतकं पटापटा नियम सांगणाऱ्यांचं रेटिंग किती?

रूक_नाही_हत्ती

१४१२.

आठवी_पट्टी

मार्च २०२४पासून तळच १४००चा केलाय फिडेने. म्हणजे तुमचे स्वतःचे बारा.

रूक_नाही_हत्ती

आणि तुमचे शिष्टाचाराचे शून्य. मुलीच्या रडण्यावर रेटिंग काढणारा माणूस.

कट्ट्यावरचा_घोडा

झालं का? धागा कोड्यांचा आहे. उंटाची आणि हत्तीची वेगळी चूल मांडा कोणीतरी.

@एकांडा_उंट, तू सोडून गेल्यावर आम्ही पद्धत बदलली. पहिली पाच मिनिटं माइक बंद. प्रत्येकाने पूर्ण ओळ कागदावर लिहायची, शेवटच्या चालीपर्यंत. मग सगळ्यांत कमी रेटिंगवाला आधी बोलतो आणि एकजण फक्त बचाव शोधतो. त्याचं कामच आडवं जायचं. गेल्या आठवड्यात आमच्या सगळ्यांत नवख्या गड्याने बाकी सहा जणांची ओळ मोडली. आम्ही सगळे वजिराच्या बळीवर भाळलो होतो आणि मधे एक साधा प्याद्याचा शह होता.

एकांडा_उंट

म्हणजे पाच मिनिटं एकट्याने सोडवायचं आणि मग चर्चा करायची. हेच मी म्हणत होतो. फक्त तुम्हाला ते शोधायला चार महिने आणि सात माणसं लागली.

कट्ट्यावरचा_घोडा

असू दे तुझंच खरं. आणि ते रेटिंग? खातं आता प्रत्येकाचं वेगळं केलंय. माझं एकशेदहाने खाली आलं. खूश?

एकांडा_उंट

थोडा.

पालक_क्रमांक_एक

ही कागदावर लिहायची पद्धत मुलांसाठी चालेल का? मी सरांना सांगून बघते. ऐकणार नाहीत, पण सांगते.

कोलकात्याहून_मराठी

मला तो प्याद्याच्या शहाचा प्रकार बघायचाय. पोझिशन टाका ना. फक्त सोंगट्यांची नावं लिहू नका, घरं सांगा नुसती.

एकांडा_उंट

हो, टाक. आणि उत्तर लगेच लिहू नकोस, घोड्या. उद्या रात्री साडेनऊपर्यंत थांब.