दहा महिन्यांच्या बाळाचा हट्ट की आणखी काही?

प्रश्नकर्ती (गंगापूर रोड, नाशिक) : दिंडोरी तालुक्यातील अंगणवाडी सेविकांसाठी बालसंगोपनाचे एक इंग्रजी पत्रक मी मराठीत आणते आहे. त्यात एक वर्षाखालच्या बाळांच्या ‘टॅन्ट्रम’विषयी एक परिच्छेद आहे. हातातली वस्तू काढून घेतली की बाळ पाठीची कमान करते, हातपाय झाडते, लालबुंद होऊन किंचाळते आणि कडेवर घेतले तरी अंग ताठ करून निसटू पाहते, असे त्याचे वर्णन आहे. मी ‘हट्ट’ लिहिले, तर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘आकांडतांडव’ केले. मला आता दोन्ही शब्द जाचतात, कारण पत्रकात जो शब्द छापला जाईल त्याच शब्दाने घरचे लोक त्या बाळाला ओळखू लागतील. योग्य शब्द कोणता?

इंदिरानगर येथील निवृत्त शिक्षक : हट्टाला मागणी लागते. बालहट्ट, राजहट्ट आणि स्त्रीहट्ट ही आपली जुनी त्रयी पाहिली, तरी तिन्हींत ‘हेच हवे’ हा आग्रह आहे. मूळ शब्द संस्कृत ‘हठ’. संस्कृतातल्या ‘हट्ट’चा अर्थ मात्र बाजार, म्हणजे आपला ‘हाट’. आग्रह धरण्याइतकी समज दहा महिन्यांच्या जिवाला नसते, म्हणून मी ‘त्रागा’ सुचवतो. स्वतःचेच डोके जमिनीवर आपटणाऱ्या बाळाला तो नेमका लागू पडतो.

सातपूरचे एक वाचक : सर, ‘त्रागा’ तर हट्टाहून कठोर आहे. गुजरात-राजपुतान्याकडचे भाट-चारण मागणी मान्य व्हावी म्हणून स्वतःच्या देहावर जखमा करून घेत आणि त्याचे पाप समोरच्याच्या माथी मारत. त्या प्रकाराला त्रागा म्हणत. दुसऱ्याला दोषी ठरवण्याचा हा हिशेब तान्ह्या बाळाच्या रडण्यात शोधणे अन्यायाचे आहे. माझे मत विचाराल, तर सरळ ‘टॅन्ट्रम’ लिहावे. आमच्या कंपनीतल्या कामगारांच्या घरीही आता हाच शब्द आहे आणि तो कुणावर ठपका ठेवत नाही.

निवृत्त शिक्षक : ठपका ठेवत नाही, कारण त्याचा अर्थच अनेकांना पुरता कळलेला नसतो. थयथयाट, आदळआपट, आक्रस्ताळेपणा, भोकाड पसरणे, फतकल मारून बसणे इतकी संपत्ती घरात असताना उसनवारी कशासाठी?

कॉलेज रोडवरील बालरोगतज्ज्ञ : ज्याला आम्ही टॅन्ट्रम म्हणतो तो प्रकार साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास सुरू होतो आणि दोन-तीन वर्षांच्या वयात सर्वाधिक दिसतो. त्याआधीच्या रडण्यामागे बहुधा भूक, अपुरी झोप, दात येणे, अनोळखी चेहरा किंवा आई नजरेआड होणे यांपैकी काहीतरी असते. म्हणून शब्दाच्या आधी कारण पाहावे. एक गोष्ट पत्रकात अवश्य असावी : रडता रडता बाळाने श्वास रोखला, ओठ निळे पडले किंवा क्षणभर शुद्ध हरपली, तर त्याला थयथयाट समजून सोडून देऊ नये. हे झटके बहुधा सहा महिने ते दीड वर्ष या वयात सुरू होतात आणि सहसा आपोआप थांबतात. तरी बाळाला डॉक्टरांना दाखवावे, कारण काही बाळांत त्यामागे लोहाची कमतरता आढळते.

पंचवटीच्या आजी : डॉक्टर, तुमचे सारे मान्य करूनही समज नसते हे मला पटत नाही. माझा नातू नऊ महिन्यांचा असताना देवघरातली पितळी पळी त्याच्या हाती लागली. ती काढून घेतली, तेव्हा मी तशीच चकचकीत स्टीलची पळी दिली. त्याने ती भिरकावली आणि पितळी पळी ज्या फडताळात ठेवली होती त्याकडे हात करून रडला. याला ‘हेच हवे’ म्हणायचे नाही, तर काय?

बालरोगतज्ज्ञ : आजी, आपले निरीक्षण अचूक आहे. चार-पाच महिन्यांच्या बाळाच्या नजरेआड वस्तू केली की बहुधा ते तिला विसरते. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास नजरेआडची वस्तूही अस्तित्वात आहे हे त्याला कळू लागते. तेव्हा हा राग म्हणजे स्मरणशक्ती वाढल्याची खूणही आहे. तरी त्याला आपल्याला छळायचे असते, असे मात्र नाही.

प्रश्नकर्ती : म्हणजे मूळचा ‘हट्ट’ अगदीच चुकीचा नव्हता. पण मग ‘आकांडतांडव’?

निवृत्त शिक्षक : ते नकोच. ‘अकांड’ म्हणजे अवेळी, अकारण. अकांड केलेले तांडव. कारण असणाऱ्या रडण्याला ‘अकारण’ ठरवणारा शब्द पत्रकात कसा चालेल?

सातपूरचे वाचक : आमच्याकडे तो आकांत आणि तांडव यांचा जोडशब्द मानतात.

निवृत्त शिक्षक : मानतात, पण व्युत्पत्ती तशी नाही. ‘ड’ कुठून आला, हे सांगावे लागेल.

सातपूरचे वाचक : बोलणाऱ्याच्या मनात जो अर्थ असतो, तोही शब्दाचा अर्थच आहे, सर. अंगणवाडीतल्या ताईंना ‘अकांड’ ठाऊक नसते, आकांत ठाऊक असतो.

पंचवटीच्या आजी : संतांच्या अभंगांत लेकराने देवाजवळ ‘आळी’ करणे येते, तो शब्द कुणी का घेत नाही? त्यात हट्ट आहे, लाड आहे आणि ज्याच्याजवळ आळी करायची तो आपला आहे ही खात्रीही आहे. माझी आई ‘बाळ आळी करतंय’ असेच म्हणत असे.

निवृत्त शिक्षक : आजी, शब्द सुंदर आहे, परंतु दिंडोरीच्या तरुण आईला ‘आळी’ म्हणजे घरांची ओळ किंवा भाजीतली अळीच आठवेल.

पंचवटीच्या आजी : भाजीतली ती ‘अळी’, ‘अ’ ऱ्हस्व. ऱ्हस्व-दीर्घ नीट म्हटले, तर घोळ होणार नाही.

सातपूरचे वाचक : लिहिताना नाही होणार, बोलताना होईल. ‘अळी’ आणि ‘आळी’ सारखेच उच्चारणारी घरे मी सिन्नरकडे पाहिली आहेत.