एक लाख आसनांचे मैदान शहराबाहेर नेल्यास प्रेक्षक मोटारीकडे वळणार नाहीत का?

दादरकर (धाग्याची सुरुवात):
मुंबईसाठी एक लाख आसनांच्या नव्या क्रिकेट मैदानाची चर्चा सुरू आहे आणि जागा म्हणून भिवंडीजवळच्या, समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी असलेल्या आमण्याचे नाव घेतले जाते. माझा याला स्पष्ट विरोध आहे. वानखेडेवर सुमारे ३३ हजार प्रेक्षक बसतात आणि पश्चिम रेल्वेचे रूळ मैदानाला लागूनच जात असल्यामुळे, तसेच सामन्याच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे, मोटार काढण्याचा विचारही फारसा कोणी करत नाही. चर्चगेटला उतरून दहा मिनिटे चालले की माणूस दारात पोहोचतो.

याउलट पुण्याचे पाहा. तेथील मोठे सामने पूर्वी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. १९९६च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवले ते तेथेच. २०१२ मध्ये गहुंजे येथील मैदान सुरू झाले आणि पेठेतून पायी किंवा बसने मैदानावर जाऊ शकणाऱ्या माणसाला द्रुतगती महामार्गालगत जाण्यासाठी वाहन शोधावे लागले. आता स्वारगेटला मेट्रो आली आहे, पण सामने तेथे नाहीत.

डोंबिवलीकर:
मी असहमत आहे. वानखेडेला पोहोचणे सोपे आहे असे आपण म्हणता, पण ते बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, आणि आज मुंबईच्या प्रेक्षकांपैकी कितीतरी जण ठाणे, कल्याण, वसई-विरार, पनवेल येथे राहतात. साडेसातला सुरू झालेला ट्वेंटी-२० सामना साडेअकराच्या सुमारास संपतो. गर्दीतून बाहेर पडून सीएसएमटी गाठेपर्यंत कसारा-कर्जतकडच्या शेवटच्या गाड्यांची वेळ झालेली असते. भुयारी मेट्रोचे चर्चगेट स्थानक जवळ आहे खरे, परंतु तिची नेहमीची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे दुसरा डाव रंगात असतानाच सुटते. शिवाय मैदानात बॅग नेऊ देत नसल्याने कार्यालयातून थेट येणाऱ्याची वेगळीच पंचाईत होते. त्यामुळे आमच्याकडचे लोक चौघे मिळून गाडी करतात, त्यात हौस मुळीच नसते.

नेरूळवासी:
मैदान शहरात की शहराबाहेर, यापेक्षा रेल्वे किती जवळ आणि किती उशिरापर्यंत, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या डी. वाय. पाटील मैदानावर स्थानकापासून चालत जाता येते, तरी शेजारीच शीव-पनवेल महामार्ग असल्याने मोटारींचीही रीघ लागते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमारास संपला. अशा वेळी स्थानक कितीही जवळ असले, तरी लोकल नसेल तर त्याचा उपयोग नाही.

दादरकर:
रात्रीच्या गाड्यांबद्दलची आपणा दोघांची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे, मात्र ती वेळापत्रकाची अडचण आहे आणि जादा गाड्या सोडून ती दूर करता येते. आमण्याला लोकलचे स्थानकच नाही. तेथे आधी महामार्ग आणि वाहनतळ तयार होतील, प्रेक्षकांना मोटारीची सवय लागेल, आणि मग रेल्वे मागायला कोणी उरणार नाही.

डोंबिवलीकर:
मग रेल्वे आधी आणि मैदान नंतर, अशी अट घालावी. तिला माझा पाठिंबा राहील. पण कल्याणपलीकडच्या प्रेक्षकाने सामना पाहायला कायम चर्चगेटपर्यंतच यावे, हे मला मान्य नाही.